पूर्वग्रह आणि पंचनिर्णय

'पूर्वग्रह' या शब्दाची घडण मोठी बोलकी आहे. पूर्वीं घेतलेलें, आधींच हातांत धरलेलें, असा त्याचा अर्थ. आणि ज्याची मूठ आधींच भरलेली आहे त्याला नवें कांहीं घेतां येत नाहीं, हें त्यांत न सांगतां येऊन जातें. परंतु या शब्दांत एक उणीवही आहे. हातांत धरलेली वस्तु धरणाराला ठाऊक असते. पूर्वग्रह ज्याचा त्याला बहुधा ठाऊक नसतो. खोटी साक्ष देणाराला आपण खोटें बोलतों हें कळत असतें, लांच घेणाऱ्या न्यायाधीशाला आपण लांच घेतली हें कळत असतें, आणि म्हणूनच त्यांना शिक्षेचें भय दाखवितां येतें. पूर्वग्रहानें निकाल देणारा मनुष्य मात्र घरीं जाऊन स्वस्थ झोंपतो. न्यायाच्या कामांत हा स्वस्थ झोंपणारा मनुष्य लांचखाऊपेक्षां अधिक बिकट प्रश्न उभा करतो, असें मला वाटतें. तो प्रश्न ज्यूरीच्या पद्धतींत जितका उघडा पडतो तितका दुसरीकडे कोठें पडत नाहीं. म्हणून तिच्याच आधारानें त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

आमच्या मनांत न्यायाधीश म्हटला कीं रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनानंतर राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो पुरुष आमच्या भाषेंत एका वाक्प्रचाराचा धनी होऊन बसला आहे, आणि तें योग्यच आहे. पण 'रामशास्त्री बाणा' म्हणजे धन्यापुढें न डगमगणें. तो निर्भयतेचा आदर्श आहे. पूर्वग्रहाच्या बाबतींत त्याचा फारसा उपयोग होत नाहीं, कारण निर्भय मनुष्य आपला पूर्वग्रहही निर्भयपणेंच सांगतो. राजाचें भय, द्रव्याचा लोभ, आप्तांची भीड हे सारे बाहेरून येणारे शत्रु आहेत व त्यांना दार लावून घेतां येतें. जो घरांतच जन्मला आणि घरच्या माणसासारखा बोलतो त्याला दार कोणतें लावावें?

इंग्रजी कायद्यानें अखेर जें उत्तर काढलें तें दिसण्यांत साधें आहे: ज्यांचें मन प्रकरणाविषयीं कोरें आहे असे बारा जण आणून बसवावे आणि त्यांच्याकडून शपथ घ्यावी. मौज अशी कीं, ज्यूरीची मूळ कल्पना याच्या नेमकी उलट होती. मध्ययुगांतील इंग्लंडांत गांवचे शेजारी बोलावीत ते त्यांना हकीकत ठाऊक असे म्हणून. आमच्या मराठेशाहींतील गोतसभाही त्याच जातीची. वतनाच्या भांडणांत गोत बसे तें त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती असे म्हणून. माहितीबरोबर रागलोभही येतात हें त्या लोकांना कळत होतें. स्थळींच्या गोतावर एखाद्या पक्षाचा भरवसा नसला तर त्याला 'परस्थळ' मागतां येई, म्हणजे भांडण दुसऱ्या गांवच्या गोतापुढें नेतां येई. पुढें इंग्लंडांत साक्षीपुराव्याची पद्धति वाढली तसा ज्यूरर हा जाणता शेजारी न राहतां अजाण परका झाला, आणि कोरें मन हा त्याचा मुख्य गुण ठरला.

परंतु कोरें मन मिळतें कोठें? १८०७ सालीं अमेरिकेचा माजी उपाध्यक्ष ॲरन बर याच्यावर देशद्रोहाचा खटला झाला, तेव्हां सारा देश वर्तमानपत्रांतून ती कथा वाचून बसला होता; खुद्द अध्यक्ष जेफर्सन यांनीं त्याचा अपराध निःसंशय असल्याचें काँग्रेसला कळविलें होतें. मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनीं त्या वेळीं असा विवेक केला कीं, जे हलके ग्रह पुराव्यापुढें नमतें घेऊं शकतात ते असले तरी चालतील. जे खोल रुजून मनाचें दारच बंद करतात ते असलेला मनुष्य मात्र ज्यूरींत नको. विवेक उत्तम आहे. अडचण एवढीच कीं, आपला ग्रह हलका कीं खोल हें विचारलें जातें तें त्याच माणसाला. मार्क ट्वेननें १८७२ सालच्या 'रफिंग इट' या पुस्तकांत या पद्धतीची टवाळी केली आहे. तिचा रोख असा कीं, वर्तमानपत्र न वाचणारा व कांहींच मत नसलेला मनुष्य शोधीत गेलें म्हणजे शेवटीं हातीं मूर्खच लागतो. ही तक्रार अर्धीच खरी आहे. मूर्खालाही मतें असतात. त्याला तीं सांगतां येत नाहींत, इतकेंच.

शपथेच्या भरवशाचें काय होतें हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील इंडियाना राज्यांतला अर्विनचा खटला पाहावा. १९५५ सालीं त्याच्यावर खुनाचा आरोप आला. त्या भागांत इतका बोभाटा झाला होता कीं खटला शेजारच्या परगण्यांत न्यावा लागला, पण हें परस्थळ फारच जवळचें ठरलें. ज्यूरीसाठीं ४३० माणसें बोलावलीं. त्यांपैकीं २६८ जणांना, तो अपराधीच आहे असें त्यांचें कायमचें मत झालेलें असल्यामुळें, परत पाठवावें लागलें. आणि जे बारा अखेर बसले त्यांतील आठ जणांनींही तो अपराधी आहे असें आपल्याला वाटतें हें आधींच सांगितलें होतें. मग ते बसले कसे? प्रत्येकानें सांगितलें कीं, माझें मत कांहीं असो, मी निकाल निःपक्षपातानेंच देईन. त्यांनीं देहान्ताची शिक्षा होईल असा निकाल दिला. १९६१ सालीं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें तो एकमतानें रद्द केला. ते ज्यूरर खोटें बोलले असें कोर्टानें म्हटलें नाहीं. उलट, ते मनापासूनच बोलले असतील यांत शंका नाहीं, अशा अर्थाचें म्हटलें. या साऱ्या प्रकरणांत मला अधिक भयंकर वाटतें तें हेंच.

आम्हां शिक्षकांना यांत नवल वाटूं नये. विद्यापीठाच्या परीक्षेंत उत्तरपत्रिकेवर नांव नसतें, क्रमांक असतो. आणि कोणताही परीक्षक हा आपल्या सचोटीचा अपमान मानीत नाहीं. सचोटी असली तरी आडनांव वाचल्यावर डोळा तेंच उत्तर निराळें वाचतो, हें आपण सर्वांनीं मुकाट्यानें कबूल केलेलें असतें. प्रामाणिकपणा हा पूर्वग्रहावरचा उतारा नव्हे. पुष्कळदां तो त्याचा पहारेकरी असतो. पण न्यायालयांत आरोपीला क्रमांकाआड लपवितां येत नाहीं. त्याचा वर्ण, त्याची बोली, त्याचे कपडे, पिंजऱ्यांतलें त्याचें उभें राहणें, सारें ज्यूरीपुढें दिवसभर असतें.

तेव्हां उपाय राहिला निवडीचा. या पद्धतींत दोन्ही पक्षांना येणाऱ्या ज्यूररवर हरकत घेतां येते. कांहीं हरकतींना कारण द्यावें लागतें, कांहींना लागत नाहीं. ही दुसरी, बिनकारणी हरकत दिसण्यांत निरुपद्रवी आहे. दोन्ही बाजूंनीं आपापल्याला धास्ती वाटणारे लोक काढून टाकले म्हणजे मधले, समतोल तेवढे उरतील, असा तिच्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकतो तो एका साध्या कारणानें: कोणत्याही वकिलाला निःपक्षपाती ज्यूरर नको असतो, आपल्या पक्षाचा हवा असतो. १९७२ सालीं पेनसिल्व्हेनियांत हॅरिसबर्ग येथें युद्धविरोधी पाद्री व त्यांचे साथी यांच्यावर कटाचा खटला झाला, तेव्हां समाजशास्त्रज्ञांनीं त्या भागांतील लोकमताची पाहणी करून कोणत्या पंथाचा व किती शिकलेला ज्यूरर आरोपींना सोयीचा हें काढून दिलें. मुख्य आरोपांवर ज्यूरीचें एकमत झालें नाहीं, आणि पुढें ही विद्या तिकडे एक धंदाच होऊन बसली. त्या आरोपींविषयीं मला सहानुभूति आहे. तरी ही विद्या पूर्वग्रह कमी करीत नाहीं, त्याची फक्त दिशा बदलते, आणि ज्याच्या गांठीं पैसा आहे त्याच्या बाजूला बदलते, हें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

शिवाय अनोळखी माणसाच्या मनाचा अदमास घेण्यास वकिलाजवळ साधन तरी काय असतें? त्याचा वर्ण, त्याचा पंथ, त्याचा धंदा. म्हणजे ज्यूररचा पूर्वग्रह ओळखावयाचा तो वकिलानें आपल्या पूर्वग्रहाच्या चष्म्यांतून. मिसिसिपी राज्यांत कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय आरोपीवर एकाच प्रकरणांतील खुनांसाठीं सहा वेळां खटला चालला. सहाही वेळां सरकारी वकील एकच होता, आणि ज्यांना काढतां येत होतें अशा ४२ कृष्णवर्णीयांपैकीं ४१ जणांना सरकारपक्षानें ज्यूरींतून काढलें. वर्णावरून असें काढणें घटनेविरुद्ध आहे, हें सुप्रीम कोर्टानें बॅट्सन खटल्यांत १९८६ सालींच ठरविलें होतें. पण त्या निर्णयानें वाट ठेविली ती एवढीच कीं, संशय आल्यास वकिलाला कारण विचारावें. आणि कारण काय, मागितलें कीं सांपडतेंच. अमकी साक्षीदाराच्या ओळखीची होती, तमक्याची नजर ठरत नव्हती. २०१९ सालीं सुप्रीम कोर्टानें फ्लॉवर्सवरील निकाल रद्द केला व पुढच्या वर्षीं खटला काढून घेण्यांत आला. तोंवर त्या माणसाचीं वीसांहून अधिक वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं. इंग्लंडनें १९८८ च्या कायद्यानें आरोपीची बिनकारणी हरकत बंद केली, आणि अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यानें २०२२ पासून दोन्ही पक्षांची बंद केली. मला हें पाऊल योग्य वाटतें. पूर्वग्रहाचा कांटा पूर्वग्रहाच्याच कांट्यानें काढूं पाहणारांनीं दोन्ही कांटे पायांत ठेवले.

निवडून काढण्याच्या उलट दुसरा उपाय मिसळण्याचा. तो फार जुना आहे. परदेशी व्यापारी वादांत असला तर ज्यूरींतले निम्मे लोक परदेशी असावे, असा कायदा इंग्लंडांत १३५४ सालीं झाला. तिला 'अर्ध्या भाषेची ज्यूरी' अशा अर्थाचें लॅटिन नांव होतें, आणि ती १८७० पर्यंत टिकली. परक्याविषयीं आपलें मन सरळ राहत नाहीं, ही कबुली त्या राष्ट्रानें अशी पांचशें वर्षें कायद्यांत लिहून ठेविली होती. हिंदुस्थानांत तीच कबुली त्यानें पुन्हां दिली, पण एका बाजूनेंच. १८८३ सालीं इल्बर्ट बिलानें एतद्देशीय न्यायाधिकाऱ्यांना गोऱ्या आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार देऊं केला, तेव्हां गोऱ्या समाजानें केलेला आकांत प्रसिद्धच आहे. तडजोड होऊन पुढच्या सालच्या कायद्यांत ठरलें कीं, अशा आरोपीला निदान निम्मे युरोपीय वा अमेरिकन असलेली ज्यूरी मागतां यावी. परक्या माणसाला आपलें मन व आपली भाषा कळत नाहीं, हा युक्तिवाद म्हणजे सरकारला मान्य होता. तो लोकमान्य टिळकांच्या वेळीं कोठें गेला?

१८९७ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यांत टिळकांपुढें सहा युरोपीय व तीन हिंदी ज्यूरर होते. निकाल सहा विरुद्ध तीन मतांनीं झाला. १९०८ सालीं सरकारपक्षानें स्पेशल ज्यूरी मागितली. बॅ. जोसेफ बॅप्टिस्टा यांनीं विरोध केला तरी ती मंजूर झाली, आणि सात युरोपीय व दोन पारशी गृहस्थ बसले. खटला होता 'देशाचें दुर्दैव' व 'हे उपाय टिकाऊ नाहींत' या 'केसरी'तील लेखांवर. मराठी गद्य, आणि तेंही टिळकांचें, ज्यांत पुष्कळ अर्थ शब्दाच्या ठसक्यावर तोललेला असतो. तें ज्यूरीपुढें आलें तें इंग्रजी भाषांतराचे कपडे घालून. टिळकांनीं एकवीस तासांहून अधिक भाषण केलें, आणि त्यांत त्यांना त्या भाषांतरांतील शब्दांचीही झाडाझडती घ्यावी लागली. स्वतःचें वाक्य स्वतःचें कसें नव्हे हें परक्या भाषेंत परक्यांना पटवून द्यावयाचें, असा तो प्रसंग होता. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षें हद्दपारी, जी मंडालेस भोगावी लागली.

त्या सात गृहस्थांना दुष्ट ठरविण्याचा मोह मला होत नाहीं. आपल्या समजुतीप्रमाणें ते सभ्य व शपथेला जपणारे असतील. मुजफ्फरपूरच्या बाँबनें दोन इंग्रज स्त्रियांचा बळी घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्यांच्या बैठकींत दुसरा विषय नसेल. 'समजा, या लेखकाला रक्तपात नकोच आहे, तर हीं वाक्यें कशीं वाचावीं?' असें विचारून पाहण्याचें त्यांना मुळीं सुचलेंच नसेल. पूर्वग्रहाचा खरा स्वभाव हाच आहे. तो मत म्हणून समोर उभा राहत नाहीं. जमिनीसारखा पायांखालीं असतो. जमिनीकडे कोण पाहतो? आणि सगळेच जण एकाच जमिनीवर उभे असले म्हणजे तिचा उतार कोणाच्याच लक्षांत येत नाहीं.

आमच्याकडे ज्यूरी बदनाम झाली ती मात्र दुसऱ्याच प्रकरणानें. कमांडर नानावटी यांच्या खटल्यांत १९५९ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतांनीं 'निर्दोष' असा निकाल दिला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकानें आरोपीची बाजू उचलून धरली होती व पुष्कळसें लोकमत तिकडेच होतें. सेशन्स जज्जांनीं निकाल न स्वीकारतां प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें. तेथें १९६० सालीं जन्मठेप झाली व १९६१ सालीं सुप्रीम कोर्टानें ती कायम केली. ज्यूरी भावनेच्या आहारीं गेली म्हणून ती पद्धति बुडाली, अशी कथा आपण सांगत आलों आहों. ती अपुरी आहे. ज्यूरी काढून टाकावी अशी शिफारस लॉ कमिशननें १९५८ सालींच, म्हणजे त्या गोळ्या सुटण्यापूर्वींच, केली होती. आणि फौजदारी न्यायालयांतून ती पुरती गेली ती १९७३ च्या संहितेनें. शिवाय जज्जांनीं ज्यूरीला कायदा समजावून देतांना गंभीर चुका केल्या होत्या, हें वरिष्ठ न्यायालयांनींच दाखवून दिलें. आठ जणांच्या भावनेचा डांगोरा अजून वाजतो. त्यांना सांगितलेला चुकीचा कायदा कोणाच्या स्मरणांत नाहीं.

ज्यूरी काढून आपण पूर्वग्रह काढला नाहीं. नऊ जणांजवळचा उचलून एकाजवळ नेऊन ठेविला. ज्या दिनशा दावरांनीं १८९७ सालीं वकील म्हणून टिळकांच्या जामिनाचा अर्ज चालविला, त्यांनींच १९०८ सालीं न्यायासनावरून तो नाकारला. आरोपी तोच, आरोप तोच, विचार करणारें डोकें तेंच. बसण्याची जागा तेवढी निराळी. एकट्या न्यायाधीशाला कारणें लिहून द्यावीं लागतात, ही फार मोठी सोय आहे व ज्यूरींत ती नाहीं, हें मी मान्य करतों. पण कारणें निर्णयाच्या मागूनही सुचतात, हें मिसिसिपींत दिसलेंच.

मिसळण्याच्या उपायावर एक आक्षेप येतो, व तो टाळण्याजोगा नाहीं. कृष्णवर्णीय मनुष्य कृष्णवर्णीय म्हणून ज्यूरींत घ्यावयाचा, तर तोही वर्णावरून मन ओळखणेंच नव्हे काय? टिळकांच्या ज्यूरींत चार मराठी माणसें असतीं तर तीं मराठी म्हणूनच 'निर्दोष' म्हणालीं असतीं, असें धरून चालणें हाही पूर्वग्रहच. या आक्षेपाला सॅम्युएल सॉमर्स या मानसशास्त्रज्ञाच्या २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अनपेक्षित उत्तर आहे. त्यानें सहा-सहा जणांच्या लुटुपुटीच्या ज्यूरी बसविल्या, कांहीं सबंध गोऱ्यांच्या, कांहींत चार गोरे व दोन काळे. खटला एकच, आरोपी कृष्णवर्णीय. मिश्र ज्यूरींनीं अधिक वेळ चर्चा केली व पुराव्यांतील अधिक गोष्टी विचारांत घेतल्या. येथवर कोणीही म्हणेल कीं, काळ्या ज्यूररांनीं आपली भर घातली असेल. पण फरक गोऱ्यांत पडला होता. मिश्र बैठकींतले गोरे पुराव्याला धरून अधिक बोलले, त्यांच्या चुका कमी झाल्या, आणि चर्चा सुरू होण्यापूर्वींच आरोपीला अपराधी ठरविण्याकडे त्यांचा कल कमी होता. म्हणजे परका मनुष्य आपल्या जमातीचा मुखत्यार म्हणून उपयोगी पडतो असें नाहीं. तो काय बोलेल हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या देखत आपलें बोलणें आपल्याला ऐकूं येऊं लागतें. घरांत पाहुणा बसलेला असला म्हणजे रोजच्याच बोलण्यांतला एखादा शब्द एकदम कानाला लागतो, त्यांतलाच हा प्रकार.

मात्र पाहुण्याला ओसरीवरच बसवून ठेवलें तर हा गुण येत नाहीं. त्याच्या होकारावांचून काम अडलें पाहिजे. अमेरिकेंतील लुइझियाना राज्याला हें मर्म फार चांगलें कळलें होतें. कृष्णवर्णीयांना ज्यूरींतून कायद्यानें वगळतां येत नाहीं असें सुप्रीम कोर्टानें १८८० सालीं ठरविलें; तेव्हां १८९८ च्या आपल्या राज्यघटनेंत त्या राज्यानें बारांपैकीं नऊ मतांनीं अपराधी ठरविण्याची सोय करून ठेविली. नवाचे पुढें दहा झाले. दोघे काळे बसतात तर बसोत, त्यांचें मत विचारण्याची गरज उरली नाहीं. २०१८ सालीं तेथील मतदारांनीं पुढील गुन्ह्यांपुरती ही सोय काढली, व २०२० सालीं रामोस खटल्यांत सुप्रीम कोर्टानें एकमताची अट सर्वच राज्यांवर लादली. एकमतानें एखादा हेकेखोर सारें अडवून धरतो, हें खरें आहे. त्याचा खर्च म्हणजे खटला पुन्हां चालविणें. तो मला परवडण्यासारखा वाटतो.

टिळकांच्या वेळीं हायकोर्टापुढील खटल्यांत नवांपैकीं सहा ज्यूररांचें मत व त्याला न्यायाधीशाची संमति, एवढें पुरे होतें. १८९७ सालीं युरोपीय ज्यूरर नेमके सहा होते. १९०८ सालीं सात होते. २२ जुलैच्या रात्रीं ते नऊ जण उठून आंत गेले, तेव्हां त्या बंद खोलींत दोघां पारशी गृहस्थांनीं काय म्हटलें याची नोंद ठेवण्याची रीत नव्हती. आणि तें ऐकून घेण्याची गरज उरलेल्या सातांना कायद्यानें ठेविली नव्हती.